पतिताचे वकीलपत्र

१५ मे २०२० रोजी, सारा देश टाळेबंदीत असताना, ‘पाताल लोक’ ही हिंदी मालिका घरोघर पाहिली जाऊ लागली, आणि यमुनेच्या पूर्वतीरावरील ‘आउटर जमनापार’ या कल्पित ठाण्यातील हाथीराम चौधरी हा बढतीस मुकलेला, वरिष्ठांच्या उपहासाचा आणि पोटच्या मुलाच्या तिरस्काराचा धनी झालेला पोलीस इन्स्पेक्टर पाहता पाहता असंख्य प्रेक्षकांच्या जिव्हाळ्याचा माणूस होऊन बसला. जयदीप अहलावत यांनी ती भूमिका ज्या समजुतीने वठवली तिचा गौरव करावा तितका थोडाच. परंतु हा हाथीराम कोठडीतल्या आरोपीवर हात टाकतो, घरी रागाच्या भरात बायकोच्या थोबाडीत मारतो (ती तत्काळ उलट मारते, हे लेखकांचे मोठेच शहाणपण), आणि तरीही त्याच्याविषयीची आपली ममता तिळभर कमी होत नाही; इतकेच नव्हे, तर पुढच्या प्रसंगी तो पुन्हा हात उगारतो तेव्हा तो हात आपलाच आहे असे आपल्याला वाटू लागते, ही गोष्ट मला गेली काही वर्षे स्वस्थ बसू देत नाही.

हा प्रश्न दिल्लीच्या संदर्भात मांडण्यास कारण आहे. एके काळी गुन्हेगारीची कथा म्हटली की डोळ्यांपुढे मुंबईच उभी राही; अलीकडे मात्र या कथांनी आपला मुक्काम राजधानीच्या परिसरात हलवला आहे. २०१९ साली ‘दिल्ली क्राइम’ आली, पुढच्या वर्षी ‘पाताल लोक’, आणि त्याच वर्षीच्या जुलैत ‘ब्रीद’ या मालिकेने मुंबई सोडून दिल्लीत बिऱ्हाड केले व कबीर सावंत या मराठी पोलीस अधिकाऱ्यालाही बदलीवर आपल्याबरोबर आणले. येथे एका बाजूस सरकारी दप्तरे, नोएडाच्या सेक्टर १६-अ मधील वृत्तवाहिन्यांच्या इमारती, दक्षिण दिल्लीतील वृद्ध दांपत्यांची प्रशस्त घरे, आणि दुसऱ्या बाजूस त्याच घरांतली धुणीभांडी उरकून रात्री यमुनापार परतणारी माणसे, ही इतकी लगत राहतात की एकाच्या अधःपतनाची झळ दुसऱ्याला लागल्यावाचून राहत नाही. माणसाची नैतिक घसरण पायरीपायरीने दाखवू इच्छिणाऱ्या लेखकाला याहून अनुकूल भूमी मिळणे कठीण.

घसरत जाणाऱ्या पात्राशी प्रेक्षकाचे नाते काय असते, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्ष या नात्याने बोलताना नरसिंह चिंतामण केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक अथवा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, तिच्याशी तद्रूप होतो, परंतु आपले स्वत्व पूर्णपणे विसरत नाही, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याच्या या अवस्थेतच कलानंदाचा उगम आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ वाद झाले, ते सर्व येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. तथापि गुन्हेगारी मालिका पाहणाऱ्याच्या मनात काय घडते हे समजून घेण्यास त्यातला ‘विकल्प’ हा शब्द मला अत्यंत मोलाचा वाटतो. पात्राशी समाधी लागली यात दोष नाही. ती लागली नाही तर लेखक हरला. विकल्प शिल्लक उरतो की नाही, हाच काय तो प्रश्न.

आणि तो उरावा अशी व्यवस्था आता राहिलेली नाही. नाटकाला अंक असत, अंकानंतर पडदा पडे, शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी मनुष्य उसासा टाकी अथवा नापसंतीने मान हलवी, आणि त्या मान हलवण्यानेही आपण भानावर येत असू. आजची मालिका आठ-आठ, दहा-दहा तास चालते, एक भाग संपून श्वास घ्यावा तोच दुसरा आपोआप सुरू होतो, आणि ती पाहणारा बहुधा एकटा असतो. नोएडाहून दिल्लीकडे जाणाऱ्या ब्लू लाइनच्या डब्यात हे दृश्य रोज पाहावे. यमुना बँक स्टेशन मागे पडून गाडी पुलावर येते, खाली नदीचे काळे पाणी असते, आणि हातातल्या मोबाइलवर एखादा पोलीस एखाद्या आरोपीला तुडवीत असतो. पाहणाऱ्या तरुणाचा चेहरा इंद्रप्रस्थ आले की काय एवढे पाहण्यापुरता वर होतो व पुन्हा खाली जातो. त्या तरुणाला मी निर्दय म्हणणार नाही. त्याच्या आणि त्या मारहाणीच्या मध्ये थांबण्याची जागाच कोणी ठेवलेली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मराठी प्रेक्षकाला पतनाची कथा नवी नाही. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये निवर्तले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. सुधाकर हा बुद्धिमान, मानी, उमदा वकील. न्यायालयात झालेल्या खटक्यावरून त्याची सनद काही काळापुरती रद्द होते, त्या अपमानाच्या रात्री तळीराम त्याच्यापुढे पहिला पेला सरकवतो, आणि तेथून पोटच्या मुलाच्या हत्येपर्यंतचा उतार गडकऱ्यांनी इतका क्रमाक्रमाने रचला आहे की कोठेही बोट ठेवून ‘येथे हा मनुष्य हातचा गेला’ असे म्हणता येत नाही. आजच्या मालिकालेखकांना ज्या रचनेचा अभिमान वाटतो ती हीच रचना. परंतु प्रेक्षक कोणासाठी रडत होता? गणपतराव बोडसांचा सुधाकर लोकांनी वाखाणला. अश्रू मात्र ढाळले ते त्याच्या पत्नीसाठी, सिंधूसाठी. भरजरी शालूंसाठी ख्यातनाम असलेले बालगंधर्व तिच्या भूमिकेत ठिगळाचे लुगडे नेसून जात्याशी बसत, आणि थिएटरातल्या शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येकाला कळत असे की एका माणसाच्या पतनाचा दर दिवसाचा खर्च कोण भरीत आहे. सुधाकराविषयी कणव वाटत असतानाही हिशेबाची दुसरी बाजू कोऱ्या कागदासारखी राहत नव्हती.

याच्या शेजारी अमेरिकेतील ‘ब्रेकिंग बॅड’ ठेवून पाहावी. २००८ ते २०१३ या काळात चाललेल्या या मालिकेत वॉल्टर व्हाइट नावाचा रसायनशास्त्राचा शिक्षक कर्करोगाचे निदान झाल्यावर कुटुंबाच्या तरतुदीसाठी म्हणून अमली पदार्थ तयार करू लागतो आणि शेवटी निर्दय सौदागर बनतो. निर्माते व्हिन्स गिलिगन यांनी हे पात्र बिघडवण्याच्या उद्देशानेच निर्माण केले होते व तसे ते उघडपणे सांगतही असत. परंतु प्रेक्षकांतील एका मोठ्या वर्गाचा रोष वॉल्टरवर वळला नाही, तो वळला त्याच्या पत्नीवर. नवरा कोठे जातो, पैसा कोठून येतो हे विचारणारी स्कायलर लोकांना असह्य झाली. आणि तो द्वेष पात्रावरून ते करणाऱ्या अभिनेत्रीवर इतका उतरला की ऑगस्ट २०१३ मध्ये अॅना गन यांना ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून त्याची दखल घ्यावी लागली.

आपले प्रेक्षक पूर्वी अधिक न्यायी होते असा निष्कर्ष यावरून काढणे मोहक असले तरी मला तो मान्य नाही. सिंधू बोलत नव्हती. मरणाच्या दारातही ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही, आणि तिच्या त्या मौनाला आपण पातिव्रत्याचा मुकुट चढवला. स्कायलर बोलते, जाब विचारते, वेळप्रसंगी स्वतःही चिखलात उतरते. एकीला मिळालेली सहानुभूती आणि दुसरीला मिळालेला तिरस्कार यांचे मूळ कदाचित एकच असेल: जी बळी निमूट सोसते तिच्यासाठी आम्ही रडतो, जी पतिताच्या वाटेत आडवी येते तिने आमची समाधी मोडलेली असते. हाथीरामची पत्नी रेणू उलट थप्पड मारते तेव्हा मला जे समाधान झाले ते याचसाठी. त्या एका क्षणी मालिकेने प्रेक्षकाला हाथीरामच्या अंगातून बाहेर काढून त्याच्यासमोर उभे केले.

‘ब्रीद’च्या दिल्लीतील पर्वाची गोष्ट निराळी आहे आणि माझ्या दृष्टीने ती अधिक निराशाजनक आहे. अविनाश सभरवाल हा प्रतिष्ठित मानसोपचारतज्ज्ञ. त्याची लहान मुलगी पळवली जाते आणि तिच्या सुटकेसाठी पैशाऐवजी खून मागितले जातात. पहिल्या खुनाच्या वेळी प्रेक्षकाचा जीव कासावीस होतो. दुसऱ्या वेळी तो तपशिलात रस घेऊ लागतो. त्यानंतर पोलीस जवळ येऊ नयेत अशी प्रार्थना करू लागतो, म्हणजे ज्या कबीर सावंतला एरवी त्याने नायक मानले असते त्याचेच अपयश तो चिंतू लागतो. ‘बापाने दुसरे करायचे तरी काय?’ हा त्याचा युक्तिवाद असतो. मुंबईत घडलेल्या पहिल्या पर्वात आपल्या मुलाच्या फुप्फुसांसाठी अवयवदात्यांना मारणाऱ्या फुटबॉल-प्रशिक्षकाचेही वकीलपत्र प्रेक्षकांनी याच मुद्द्यावर घेतले होते. अपत्यप्रेमाचा दाखला जोडला की आमच्या न्यायासनापुढे अर्ज बहुधा मंजूर होतो. ज्यांचा खून झाला तीही कोणाची तरी अपत्ये होती, ही हरकत नोंदवायला तेथे कोणी हजर नसते. येथवर मालिकेने एक खरा आणि कठीण प्रश्न उभा केला होता. पण पुढे असे निघते की अपहरण करणारा म्हणजे अविनाशचेच दुभंगलेले दुसरे व्यक्तिमत्त्व; आणि या उलगड्याबरोबर तो प्रश्न रोगाच्या खाती जमा होतो. प्रेक्षक सुटतो. आपण इतके तास कशाला मूकसंमती देत होतो याची रुजुवात करण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही.

कर्णाच्या बाबतीत आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आलो आहोत. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली प्रसिद्ध झाल्यापासून मराठी घरांत कर्णाचा कैवार घेणारे शेकड्यांनी वाढले, आणि सूतपुत्र म्हणून त्याने सोसलेला अपमान इतका खरा आहे की तो कैवार मलाही पटतो. पण द्यूतसभेत द्रौपदीविषयी तो जे बोलला ते त्या अपमानाने पुसले जात नाही.

‘पाताल लोक’ येथे ‘ब्रीद’पेक्षा फार उंचीवर जाते. सुदीप शर्मांनी ती लिहिली आणि दिग्दर्शन ज्या दोघांनी केले त्यांपैकी एक, अविनाश अरुण, हे ‘किल्ला’ या आपल्या मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक. वडिलांना पारख्या झालेल्या मुलाच्या एकाकीपणाकडे ज्या सबुरीने पाहावे त्याच सबुरीने येथे कॅमेरा विशाल त्यागी ऊर्फ हथोडा या मारेकऱ्याकडे पाहतो. बहिणींवरील अत्याचाराचा सूड म्हणून त्याने शाळकरी वयात पहिले खून केले. अखेरीस, ज्याला मारायचे त्याच्या पत्नीची भटक्या कुत्रीवरची माया पाहून त्याचा हात थांबतो आणि नंतर तो स्वतःवरच गोळी झाडतो. ज्याला पहिल्या भागात आपण राक्षस समजलो त्याच्यासाठी शेवटी घसा दाटून येतो. याउलट संजीव मेहरा हा नामांकित वृत्तनिवेदक, ज्याच्या खुनाच्या कटापासून कथा सुरू होते, तो कोणावर हातही न उगारता, कोट-टायमध्ये, कॅमेऱ्यापुढे बसल्या बसल्या पायरीपायरीने खाली जातो, आणि त्याच्या पतनाचे बक्षीस म्हणून त्याला गेलेली प्रतिष्ठा परत मिळते. रक्त न सांडणारे अधःपतन ओळखायला प्रेक्षकाला शिकवणे ही या मालिकेची फार मोठी कामगिरी आहे, आणि वृत्तवाहिन्यांच्या दारात राहणाऱ्या आम्हा नोएडावासीयांना तर ती नेमकी लागू पडते.

कोठडीतील मारहाणीबद्दल मात्र ही मालिकाही प्रेक्षकाला पुरेशी हटकत नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात अटक आणि कोठडी यांविषयीची बंधने स्पष्ट शब्दांत घालून दिली. आणि त्यानंतर चार महिनेही उलटले नव्हते तोच, ३१ मार्च १९९७ रोजी, कॅनॉट प्लेसजवळ बाराखंबा रोडवर दिल्ली पोलिसांच्या गुन्हे शाखेने एका कुख्यात गुंडाची गाडी समजून भलत्याच गाडीवर भर रस्त्यात गोळीबार केला व त्यात दोन निरपराध व्यापारी ठार झाले. आतल्यांनीच प्रथम गोळी झाडली हा बचाव न्यायालयात टिकला नाही. २००७ साली दहा पोलिसांना जन्मठेप झाली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या दहा जणांतला प्रत्येक जण एका दिवसात तेथे पोचला असेल असे मला वाटत नाही. नियम वाकवल्याबद्दल कधीतरी शाबासकी मिळाली असेल, वाकवलेला नियम निकालास उपयोगी पडला असेल, आणि पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. पडद्यावरच्या ठाण्यात थप्पड बसली की खरी माहिती बाहेर पडते. प्रत्यक्षात पुष्कळदा बाहेर पडते ती मार थांबवण्यासाठी दिलेली खोटी जबानी. मालिकालेखकांनी निदान एकदा तरी हाथीरामसारख्या प्रिय माणसाच्या हातून निर्दोष इसमाला मार बसवावा, आणि त्याचा परिणाम पुढचे सहा भाग दाखवावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. ‘दिल्ली क्राइम’च्या पहिल्या पर्वाने, ज्याला २०२० चा आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला, डिसेंबर २०१२ मधील दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या भीषण घटनेतील प्रत्यक्ष अत्याचार दाखवण्याचे टाळले, त्या संयमाबद्दल मला त्या मंडळींविषयी आदर आहे. दुसरे पर्व २६ ऑगस्ट २०२२ रोजी आले. दक्षिण दिल्लीत वृद्ध दांपत्यांचे निर्घृण खून होतात, पद्धत ‘कच्छा-बनियान’ टोळीची असते, आणि ठाण्यात ताबडतोब सल्ला दिला जातो की विमुक्त जमातींच्या वस्त्या पालथ्या घालाव्यात, कारण गुन्हा त्यांच्या रक्तातच आहे. माणसे धरून आणली जातात, त्यांना मार बसतो. शेफाली शाह यांनी साकारलेल्या पोलीस अधिकारी वर्तिका चतुर्वेदीला संशय येतो, आणि पुढे खरे खुनी दुसरेच निघतात: त्या जमातींच्या बदनाम पद्धतीची नक्कल करणारी एक टोळी, जिची सूत्रे लता सोळंकी या ब्यूटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या स्त्रीच्या हाती आहेत. तिलोत्तमा शोम यांची ही लता विलक्षण आहे. तिला स्वतःचे पार्लर काढायचे आहे, ज्या स्त्रियांच्या चेहऱ्यांना ती रोज मसाज करते त्यांच्यासारखे जगायचे आहे, आणि त्या इच्छेपायी ती थंडपणे माणसे मारते. मालिका संपल्यावर माझ्या ओळखीतील बहुतेक जण बोलत होते ते लताविषयी: तिची महत्त्वाकांक्षा, तिने मागे टाकलेले मूल, तिच्या डोळ्यांतील भाव. पोलिसांनी उगाच धरलेल्या विमुक्त माणसांविषयी कोणी बोलत नव्हते.

हा भेद मला फार अर्थपूर्ण वाटतो. लतेला पतनाचा अधिकार आहे. ती आधी कोणीतरी होती, मग तिने निवड केली, मग ती घसरली, आणि म्हणून आपण तिच्यासाठी हळहळू शकतो. ज्याला जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदवले त्याला घसरायला उंचीच दिलेली नाही. त्याने गुन्हा केला तर स्वभाव, न केला तर संधी मिळाली नसेल. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती अशा नोंदवल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची सेटलमेंट वसवली, पाटलाकडे आणि ठाण्यात हजेरीचा शिरस्ता घातला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. म्हणजे ‘दिल्ली क्राइम’चे दुसरे पर्व लोक पाहत होते त्याच आठवड्यात त्या मुक्ततेला सत्तर वर्षे पूर्ण झाली. कागदावरचा शिक्का पुसला गेला, पण प्रेक्षकाच्या मनातली नोंदवही तशीच आहे, आणि कोणाच्या अधःपतनावर हळहळायचे व कोणाचे गृहीत धरायचे हे तो अजून त्याच नोंदवहीतून ठरवतो.

मराठी भाषेला या बाबतीत इतर भाषांच्या मागे राहण्याचे काहीच कारण नव्हते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली, आणि दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोटासाठी चोरी, चोरी न करताही पडणारा मार, आणि त्या चक्रातून बाहेर पडण्याची एका माणसाची धडपड हे सारे त्यात आतून सांगितलेले आहे. परंतु आमच्या वाहिन्यांनी गुन्हेगारीची मालिका म्हणून पुन्हा पुन्हा आणली ती ‘देवमाणूस’. त्यातील खुनी डॉक्टरवर प्रेक्षकांनी इतका लोभ केला की पहिले पर्व २०२१ मध्ये संपल्यावर त्याच वर्षी दुसरे आणि २०२५ साली तिसरे काढावे लागले. किरण गायकवाड यांचा अभिनय उत्तम आहे, याविषयी वाद नाही. माझी मागणी वेगळी आहे. विमुक्त समाजातील एखाद्या तरुणाची मालिका मराठीत लिहिली जावी, जो पहिल्या भागात पोलीसभरतीचा फॉर्म भरतो आहे, ज्याची आई अजूनही ठाण्यासमोरून जाताना पदर सावरते, ज्याच्यापुढे पहिल्या गुन्ह्याची संधी पाचव्या भागात येते आणि जो ती घेईल की नाकारील हे आम्हाला खरोखरच ठाऊक नसते. अविनाश अरुण यांच्यासारखे दिग्दर्शक आपल्यात आहेत, सोलापूर आहे, आणि या समाजांत आज लिहिणारी, शिकलेली, आपली कैफियत स्वतः मांडू शकणारी पिढी आहे; तिच्यातल्या एखाद्याला वाहिनीने बोलावून लेखकाच्या खुर्चीवर बसवावे.